जॅक उतरतो तेव्हा

गाडी वर चढत असताना ट्रॉली जॅक स्वतः पुढे सरकत असतो. बोटभर, मग आणखी बोटभर. दांडा खाली-वर होत असतो, आत तेल आपले काम करत असते, आणि लोखंडी सांगाड्याची ती चार चाके कुणी न ढकलता गाडीच्या पोटाखाली आत आत जात असतात. घरच्या घरी चाक काढणाऱ्या, ब्रेकचे पॅड बदलणाऱ्या किती जणांनी हे नीट न्याहाळले असेल? नजर बहुधा वर, गाडीकडे असते. आपण ती थोडा वेळ खाली आणू. जॅकची जाड पोलादी भुजा, जिच्या टोकाला गाडीला टेकणारी वाटी असते, ती मागच्या पिनेभोवती फिरते. म्हणून वाटी सरळ रेषेत वर न जाता वर्तुळाच्या कमानीवरून चढते, आणि जसजशी चढते तसतशी दांड्याच्या बाजूला मागे येऊ पाहते. पण तिच्यावर गाडी विसावली आहे, हँडब्रेक ओढलेली, गिअरमध्ये घातलेली, जमिनीवरच्या चाकांना दगड लावलेली. ती काही मागे येणार नाही. तेव्हा तडजोड जॅकलाच करावी लागते. कमानीने हिरावलेले अंतर तो पुढे सरकून भरून देतो.

एवढे ध्यानी आले की जॅकच्या चाकांकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते. चाके आहेत म्हणून जॅक इकडून तिकडे नेता येतो हे खरे, पण उचलण्याच्या क्रियेतही त्यांचा बरोबरीचा वाटा असतो. जॅक हलू नये म्हणून त्याच्याच चाकांना विटा लावणारा माणूस सद्भावनेने अनर्थ ओढवून घेतो. जॅकला सरकता आले नाही तर वाटी सरकते, आणि वाटी सरकली की गाडी. म्हणून दुकानात गेल्यावर रंगाची झळाळी आणि टनांचा ठळक आकडा क्षणभर विसरावा, जॅक फरशीवर मांडावा आणि हलक्या हाताने ढकलून पाहावा. पुढची रुंद लोखंडी चाके सलग फिरतात का, मागची स्वतःभोवती वळणारी छोटी चाके कुठे अडखळतात का, हे तळहाताला लगेच कळते. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ही परीक्षा अधिक कठीण होते. तिथे बहुधा पेव्हर ब्लॉक असतात आणि त्यांच्या सांधीत छोटे चाक हटकून अडकते. वैशाखातल्या दुपारी डांबरी जागेवर तर भाराखालचे चाक तापलेल्या डांबरात खळगाच पाडते. अशा ठिकाणी जाड प्लायवुडचा लांबट तुकडा अंथरावा. लांबट अशासाठी की त्याच्यावर जॅकला सरकायला जागा उरली पाहिजे.

या कमानीच्या प्रवासात वाटीचा तोल ढळत नाही, हीही पाहण्यासारखीच गोष्ट. भुजा तिरपी होत जाते, वाटी मात्र आडवीच राहते. भुजेच्या कडेने एक बारीक समांतर दांडी गेलेली असते, तिचा हा प्रताप; शाळेत ज्याचे क्षेत्रफळ काढून आपण कंटाळलो तो समांतरभुज चौकोन इथे तेलाने माखून, पण आपली प्रतिज्ञा न मोडता, गाडीखाली उभा असतो. त्या दांडीच्या पिना सैल असतील, वाटी हाताने डुगडुगत असेल, तर त्या जॅकची बाकीची वाखाणणी ऐकत बसू नये.

आता आत डोकावू. दांडा वर गेला की छोटा दट्ट्या टाकीतून तेल ओढतो, दांडा खाली आला की तेच तेल मोठ्या दट्ट्यामागे ढकलले जाते. आणि या येण्या-जाण्यावर दोन पोलादी छर्रे पहारा देतात. एक तेलाला आत सोडतो आणि परत टाकीत जाऊ देत नाही, दुसरा पुढे सोडतो आणि मागे फिरू देत नाही. समजा छोट्या दट्ट्याचा व्यास 10 मिलिमीटर आहे आणि मोठ्याचा 40. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट; तेलाचा दाब दोन्हीकडे सारखाच, म्हणून बळही सोळापट. पण छोटा दट्ट्या 16 मिलिमीटर चालला तेव्हा कुठे मोठा एक मिलिमीटर पुढे जातो. निसर्ग इथे उधारी ठेवत नाही. त्यावर लांब दांड्याच्या तरफेची भर पडते, आणि बेताच्या ताकदीचा माणूस बसल्या जागेवरून गाडीचे नाक उचलतो. दाबाचा हा नियम सांगणारा पास्कल 1662 साली वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्यानंतर, 1663 साली, प्रसिद्ध झाला. सूत्र कळले, तरी ते यंत्रात उतरायला आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. लंडनच्या जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, पण त्याचीही पंचाईत झाली ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या जागी: दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटू लागे, आणि कड आवळून बंद करावी तर दट्ट्याच अडकून बसे.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिले जाते. त्याने कातड्याचे पेल्यासारखे खोलगट कडे बसवले, ज्याचे तोंड दाबाच्या दिशेला होते. दाब जितका वाढेल तितके ते कडे आपोआप पसरून दट्ट्याला घट्ट बिलगे, आणि दाब ओसरला की मिठी सैल करून त्याला मोकळे सोडी. बाहेरून कुणी काही आवळायचे नाही, जो निसटू पाहतो त्याच्याच जोरावर त्याला अडवायचे! यंत्रशास्त्रात इतकी देखणी कल्पना क्वचित सापडते. 1851 मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचे पेटंट घेतले, पुढे कातड्याची जागा रबराने घेतली, पण आपल्या जॅकमधल्या सीलच्या त्या पातळ ओठांत मॉडस्लेचीच युक्ती आजही जिवंत आहे. म्हणूनच टाकीत हायड्रॉलिक जॅकचेच तेल घालावे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतले तर ते या सीलच्या रबराला फुगवून मऊ करते, आणि त्या ओठांची कड एकदा गेली की मग पास्कलसुद्धा काही करू शकत नाही.

पण माझ्या लेखी जॅकची खरी ओळख पटते ती तो उतरतो तेव्हा. चढताना बरे-वाईट सगळेच जॅक चढतात. उतरताना आपण दांडा डावीकडे किंचित फिरवतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला झडपेचा स्क्रू आपल्या बैठकीवरून केसभर उठतो, आणि दाबाखालचे तेल त्या केसभर फटीतून टाकीकडे परतू लागते. भिकार जॅकमध्ये या जागी काहीच होत नाही, आणखी फिरवले तरी काही होत नाही, आणि मग अकस्मात सगळेच होते: गाडी धाडकन खाली. उत्तम जॅकमध्ये मनगट जितके वळेल तितकीच गाडी उतरते, थांबवली की थांबते, पुन्हा सोडली की पुन्हा निघते. पाण्याने भरलेली घागर डोक्यावरून उतरवताना सराईत बाई जशी आधी गुडघ्यांतून वाकते आणि तिच्या काठावरचे पाणी सांडत नाही, तसे ते उतरणे असते. शेवटच्या टप्प्यात जरा वाकून टायरकडे पाहावे. टायर आधी नुसता जमिनीला शिवतो, त्याचे गोलपण अजून अभंग असते. मग तळाशी सपाट पट्टा उमटतो, बाजूची भिंत हलकेच फुगते, आणि जॅक आल्या वाटेने, या वेळी उलटा, बाहेर सरकू लागतो. भार कसा हस्तांतरित होतो हे इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे पाहायला दुसरीकडे कुठे मिळते?

आकड्यांचे म्हणाल तर त्यांचा बाऊ फार होतो. लहान हॅचबॅकचे वजन 900 किलोच्या आगेमागे, आणि आपण एका वेळी तिचा एक कोपरा किंवा फार तर पुढची बाजू उचलतो. दोन टनांचा चांगला जॅक तिला पुरून उरतो. फॉर्च्युनरसारखे दोन टनांहून जड धूड दारात असेल तर तीन टनी घ्यावा. पण पोलादी तीन टनी जॅक स्वतःच तीस-पस्तीस किलोंच्या घरात जातो, आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने तो जिन्यावरून आणायचा कसा याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी केलेला बरा. टनांपेक्षा मी दोन उंचींकडे अधिक लक्ष देईन. वाटी अगदी खाली असताना साध्या जॅकची उंची साधारण 135 मिलिमीटर असते; उभ्या गाडीखाली तो सहज जातो, पण पंक्चर झालेल्या चाकावर गाडी बसली की तीच जागा कित्येक सेंटिमीटरनी आक्रसते आणि जॅक बाहेरच ताटकळतो. कमाल उंचीचीही गंमत आहे. आपण दांडा मारत जातो, गाडीचे अंग वर येत जाते, आणि चाक मात्र जमीन सोडायला तयार नसते; इतका वेळ दबून बसलेली स्प्रिंग आधी आपले अंग पूर्ण ताणून घेते, तेवढी उंची ती खाऊन टाकते, आणि मगच टायरखाली उजेडाची फट दिसते. कागदावर भरघोस वाटणारी जॅकची उंची इथे निम्मी होऊन हाती लागते.

तेलाच्या वाटेवर आणखी एक छोटी झडप असते. मर्यादेपलीकडचा भार आला की तिची स्प्रिंग दबते, तेल गुपचूप टाकीत परतते आणि भुजा वर जायला नकार देते. या नकाराचा आदर राखावा. काही बहाद्दर तिचा स्क्रू पिळून जॅकला पराक्रमी बनवू पाहतात. आणि मर्यादेचीच गोष्ट निघाली आहे तर ही दुसरीही सांगायला हवी: जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. सीलच्या ओठाला कणभर कचरा लागला, छर्ऱ्याखाली एखादा बारीक कीस अडकला, की गाडी कुणाला न सांगता खाली येऊ लागते. म्हणून गाडीखाली अंग घालण्यापूर्वी तिचा भार जॅक स्टँडवर द्यायचा, तोही गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. स्टँड म्हणजे निव्वळ मुके लोखंड, असे मानून त्याची निवड सहसा आपण उरकून टाकतो. पण 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकान-साखळीने पिट्सबर्ग नावाने विकलेले तीन आणि सहा टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले. खाचा आणि खटका यांची पकड नीट बसत नसल्याने स्टँड अकस्मात खाली बसण्याचा धोका होता. त्यांच्या बदली दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि तेही परत घ्यावे लागले. मला स्वतःला आरपार भोकातून जाड पिन घालायचे साधे स्टँड आवडतात. पिन आहे की नाही हे डोळ्यांना दिसते, खटक्याच्या मनात काय आहे ते दिसत नाही.

जॅक घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी झडप उघडी ठेवून दांडा भराभर मारावा, म्हणजे वाहतुकीत तेलात शिरलेली हवा टाकीत निघून जाते. तोवर जॅक स्पंजासारखा दबत असेल तर घाबरू नये. मग जमिनीवरच्या चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जेमतेम अधांतरी होईल इतकीच गाडी उचलावी, टेपने उंची मोजावी आणि चहा घेऊन यावे. परतल्यावर आकडा तोच असेल तर सील आणि छर्रे दोघेही प्रामाणिक आहेत. खाली सरकला असेल तर बिल हाताशी असतानाच जॅक परत करावा. ठेवताना भुजा पूर्ण खाली ठेवावी, म्हणजे दट्ट्याचा चकचकीत भाग तेलातच राहतो. कोकणातल्या दमट हवेत उघडा राहिलेला दट्ट्या एका पावसाळ्यात गंजाचे ठिपके मिरवू लागतो आणि प्रत्येक ठिपका सीलचा ओठ खरवडतो.

पुण्यात बोहरी आळीत जा, मुंबईत नागदेवीला जा, जॅकचे भाव पाच दुकानांत पाच असतील. वॉरंटी किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. आपण विचारावे, “याचे सील किट मिळते का?” दुकानदार गोंधळून आत कुणाला तरी हाक मारू लागला तर नमस्कार करून पुढच्या दुकानाकडे वळावे, आणि त्याने मागे न पाहताच फळीवरचे छोटे पाकीट काढून काउंटरवर टाकले, तर मग खुशाल घासाघीस सुरू करावी.