गणेशखिंडीतील ‘मुख्य इमारत’ : एका विशेषणाची चिकित्सा

पुणे विद्यापीठाच्या जुन्या वास्तूविषयी लिहिताना ‘गव्हर्नरांच्या प्रासादाचे विद्यामंदिर झाले’ असे वाक्य बहुधा येतेच. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. इतिहास म्हणून मात्र ते तपासून पाहिले पाहिजे. ‘झाले’ या एका क्रियापदात काय बदलले आणि काय तसेच राहिले, हा प्रश्न बुजून जातो.

इमारतीचे काम १८६४ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, धाटणी इटालियन, निशाणाचा मनोरा सुमारे ८० फूट उंच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत वाहत होता, त्या दिवसांतील ही कल्पना. १८६५ मध्ये तेजी कोसळली, तरी बांधकाम चालूच राहिले. खर्च सुमारे पावणेदोन लाख पौंडांवर गेला आणि त्यावरून टीकाही झाली. हे सारे कशासाठी? पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर पुण्यास मुक्कामाला येत, त्यांच्यासाठी. घराची रचना या हेतूला अनुसरूनच झाली : पाहुण्यांच्या स्वागताची भव्य दालने, यजमानांच्या खाजगी खोल्या आणि या दोहोंच्या दृष्टीआड राहणारा सेवकवर्ग. इमारतीखालील भुयाराविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. मला त्यांपेक्षा तो मार्ग नोकरांच्या जाण्यायेण्यासाठी होता, हे सांगणे अधिक बोलके वाटते.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ याच घरात झाला. तेथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आपल्या लेखनात ही घटना गणेशखिंड रस्त्याच्या इतिहासात जाते, या घराच्या इतिहासात क्वचितच येते. ही विभागणी मला मान्य नाही. प्लेगाने पोळलेल्या शहराच्या वेशीवर ज्या दालनांत मेजवानी झडली, ती दालने त्या घटनेतून वगळता येत नाहीत.

विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. कारभार प्रथम भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृहातून चालला आणि १ जून १९४९ रोजी तो या वास्तूत आला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, प्रथम आला तो कारभार. अध्यापनाचे विभाग यथाकाल आवारातील इतर वास्तूंत स्थिरावले. या घरात प्रामुख्याने प्रशासन आणि सभा राहिल्या. तेव्हा ‘मुख्य’ या विशेषणाचा अर्थ येथे ‘अधिकाराचे स्थान’ असाच घ्यावा लागतो आणि त्या अर्थाने ही वास्तू १८७१ पासून फारशी बदललेली नाही. स्वागताच्या दालनात सभा सहज भरते; वर्ग भरवणे तितके सहज नसते.

तुलनेसाठी नदीपलीकडील डेक्कन कॉलेज पाहावे. त्याच १८६४ साली फ्रिअर यांच्याच हस्ते त्याची कोनशिला बसली, आराखडा कॅप्टन विल्किन्स यांचा, देणगी जमशेटजी जिजीभाई यांची. १८६८ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले, पण १९३९ मध्ये ती संस्था पदव्युत्तर अध्ययन-संशोधनासाठी पुन्हा उघडली आणि भाषाशास्त्र तेथे रुजले. उपयोग तेथेही पालटला. परंतु शिकण्यासाठी बांधलेल्या खोल्या शिकण्याकडेच राहिल्या.

नावांचा क्रम मोठा उद्बोधक आहे. ‘गव्हर्नमेंट हाउस’ गेले. संस्थेचे नावही २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांच्या नावाने विस्तारले. पत्त्यात मात्र ‘गणेशखिंड’ आजही तसेच आहे. अधिकृत नावांहून स्थलनाम चिवट असते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना देता येणार नाही.

या वास्तूच्या दगडकामाच्या जतनाकडे लक्ष गेले, हे उचितच झाले. त्याच्या जोडीला १ जून १९४९ पासून प्रत्येक दालनात कोण बसले, काय चालले आणि त्या दालनास लोक कोणत्या नावाने ओळखत, याची दालनवार नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. या कामासाठी एखादा लघुप्रबंध पुरेसा आहे.