हनुवटीखालची रेघ

सोलापुरातलं मे महिन्यातलं लग्न. मुहूर्त भर दुपारचा, बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला. कार्यालयातले पंखे गरगरताहेत, पण फिरवताहेत ती गरम हवाच. मंगलाष्टकं संपतात, अक्षता पडतात आणि हार घालून घेण्यासाठी नवरी मान किंचित वर करते. तेवढ्यात ती दिसते: हनुवटीच्या खालून, या कानापासून त्या कानापर्यंत गेलेली रेघ. रेघेच्या वर गुलाबट पांढरा चेहरा, खाली उन्हात वाढलेला तिचा स्वतःचा गव्हाळ गळा. हात गळ्याशी जुळतात. चेहरा मात्र कशाशीच जुळत नाही.

सोलापूरच्या मेकअपचं आजचं दुखणं या रेघेत आहे. इथे हात तयार आहेत, शिकायची हौस दांडगी आहे, एकेकाळी मुंबई-पुण्याहून मागवावी लागणारी साधनं आता घरपोच येतात. घोडं पेंड खातं ते रंग निवडताना. पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला शोभेल असा रंग लावायचा, की तिला ‘उजळ’ करायचं, या प्रश्नाचं उत्तर शहरातल्या बहुतेक खुर्च्यांवर आधीच ठरलेलं असतं.

ही कला पार्लरबरोबर गावात आली असं अनेकांना वाटतं. जुनी फणेरपेटी उघडली की हा समज पुसला जातो. तिच्यात आरसा, फणी आणि करंडा. करंड्यात एका खणात मेण, दुसऱ्यात कुंकू. बोटाच्या टोकावर मेण घ्यायचं, कपाळावर गोल दाबायचं, त्यावर कोरडं कुंकू टेकवायचं आणि कडेचं सांडलेलं हलक्या हाताने पुसायचं. दिवसभर चुलीपुढे किंवा शेतात राबूनही ते कुंकू ओघळत नसे, कारण मेण त्याला धरून ठेवी आणि घामाला आत शिरू देत नसे. आज पापणीवर आधी प्रायमर आणि मग आयशॅडो लावतात, त्यामागे हेच तत्त्व आहे: आधी चिकट, मग कोरडं. कुंकूही मुळात हळदीचं. हळदीला चुन्यासारखा क्षार मिळाला की ती लाल होते, हे आपल्या बायकांना पाकिटावरची अक्षरं वाचायच्या आधीपासून ठाऊक होतं. जिल्ह्यातल्या पंढरपुरात देवळाभोवतीच्या दुकानांत कुंकवाचे आणि बुक्क्याचे ढीग आजही रचलेले दिसतात.

मेण-कुंकवाची जागा टिकलीने घेतली. सोय झाली, पण टिकलीमागच्या काही गोंदांत असलेल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, असं त्वचारोगतज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत आले आहेत. डाग पडला की बऱ्याचजणी त्यावर अजून मोठी टिकली लावतात. तसं करू नये. टिकली बंद करून डॉक्टर गाठावा.

मग आली ‘स्नो-पावडर’. हा जोडशब्द मराठीत इतका मुरला की तो नटण्याचं दुसरं नावच झाला. १९१९ साली मुंबईत पाटणवालांनी सुरू केलेल्या अफगाण स्नोसारख्या क्रीमने त्यातला स्नो घराघरांत पोचवला. १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली. लक्ष्मी या नावाचं फ्रेंच रूप घेतलेली ही कंपनी १९९८ पर्यंत हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. लिपस्टिक म्हणजे सिनेमातल्या बाईचं काम, हा समज मागे पडून ती मध्यमवर्गीय घरातल्या आरशापुढे आली, यात लॅक्मेचा वाटा मोठा. मात्र याच काळात, १९७५ मध्ये, फेअर अँड लव्हलीही आली आणि गोरेपणाची आस ट्यूबमध्ये भरून विकली जाऊ लागली. २०२० मध्ये त्या नावातला ‘फेअर’ गेला. मनातला गेलेला नाही.

सोलापूरची खरी खासियत दिसते ती नवरीच्या खोलीत. इथे मराठी, कन्नड आणि तेलुगू ही तिन्ही घरं एकाच गल्लीत नांदतात, आणि लग्नाचा मेकअप करणाऱ्या बाईला तिन्ही रीती ठाऊक असाव्याच लागतात. मराठी नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या बांधल्या की मोत्यांच्या सरी कानशिलांवर घासत राहतात आणि तासाभरात तिथला बेस उखडतो. जाणती बाई कानशिलांवर बेसचा अगदी पातळ थर देते, पावडर दाबून बसवते आणि मुंडावळ्यांची गाठ केसांच्या रेषेपेक्षा थोडी वर घेते. लिंगायत घरात कपाळावर विभूती लागते. तेलकट बेसवर विभूती ओलसर, डागाळलेली दिसते. म्हणून कपाळाचा मधला भाग कोरडा ठेवून बाकीचा चेहरा करावा लागतो. तेलुगू पद्मशाली लग्नात मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गुळाचा लगदा ठेवतात. दोन तास खपून, स्प्रे मारून उभारलेल्या केशरचनेच्या माथ्यावर गूळ! ज्यांना हे माहीत आहे त्या माथ्याचा तेवढा भाग सपाट आणि मोकळा ठेवतात, फुलं मागे ढकलतात आणि पर्समध्ये ओला रुमाल तयार ठेवतात.

ही कौशल्यं कुठल्या पुस्तकात मिळत नाहीत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, खासगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत; तरी मुंडावळ्या, विभूती आणि जिरे-गूळ एकाच आठवड्यात सांभाळणं हे सोलापूरच्या हातांनी स्वतः कमावलेलं ज्ञान आहे. त्याची नोंद कुणी करत नाही. ती व्हायला हवी.

मग एवढ्या जाणत्या हातांकडून ती रेघ का उमटते?

याची थोडी जबाबदारी बाजारावर जाते. फाउंडेशनच्या शेड्स बराच काळ गोऱ्या कातडीचा हिशोब धरूनच बनत आल्या. २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्युटीने एकदम ४० शेड्स आणल्या तेव्हा जगभर चर्चा झाली, यातच आधीची अवस्था काय होती ते कळतं. आपल्याकडेही आता सावळ्या रंगांना जुळणाऱ्या शेड्स मिळतात. पण दुकानदार ठेवतो ते खपणारं, आणि खपतात त्या फिकट शेड्स. लग्नाच्या कामात लोकप्रिय असलेल्या क्रायोलानच्या कांड्यांत गडद रंग भरपूर आहेत. बर्लिनची ही कंपनी १९४५ पासून नाटक-सिनेमाची रंगभूषा पुरवते, तिला सगळे रंग लागतातच. पार्लरच्या पेटीत मात्र फिकट कांडी झिजून संपत आलेली आणि गडद कांडी कोरी, असं चित्र दिसतं.

बाकीचा दोष तंत्राचा. सावळ्या चेहऱ्यावर डोळ्यांखालची वर्तुळं निळसर-तपकिरी असतात. त्यावर थेट फिकट कन्सीलर फासला की तिथे राखेसारखा पट्टा उठतो. आधी नारिंगी छटेचा करेक्टर अगदी थोडा थापायचा, निळेपणा मारायचा आणि मग स्वतःच्या रंगाचा कन्सीलर लावायचा, हा क्रम आहे. बेसमधला टायटॅनियम डायऑक्साइड गडद त्वचेवर पांढुरकी झाक आणतो. सिलिकाची ‘एचडी’ पावडर आरशात दिसतही नाही, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की पीठ उधळल्यासारखी उजळते. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या डोळ्यांखाली पांढरे चंद्र दिसतात ते त्यामुळे. शिवाय फाउंडेशन चेहऱ्याच्या तेलात मिसळून काही वेळाने रंग बदलतं. बाटलीतून काढल्याक्षणी जुळलेली शेड अर्ध्या तासाने जुळेलच असं नाही.

एअरब्रशचं सध्या मोठं नाव आहे. कॉम्प्रेसरच्या पिचकारीतून रंगाचा धुक्यासारखा थर बसतो आणि सिलिकॉनवर आधारलेला असेल तर तो घामाला चांगला टिकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे मोलाचं आहे. पण पाठवणीच्या वेळी डोळ्यांतून धार लागली आणि गालावर ओघळ उमटला की तो बेमालूम बुजवणं कठीण. हाताने, ओल्या स्पंजने थापून बसवलेल्या बेसला ठिगळ लावता येतं. त्यामुळे एअरब्रश प्रत्येक नवरीला सरसकट खपवणं बरोबर नाही.

संध्याकाळच्या रिसेप्शनची गत वेगळी. दुपारच्याच थरावर दुसरा थर, त्यावर तिसरा, असं चढत जातं आणि रात्री नऊपर्यंत ओठांच्या कोपऱ्यांत व नाकाच्या बाजूला भेगा पडतात. खरं काम कमी करण्याचं असतं. आधी टिश्यूने घाम टिपायचा, पुसायचा नाही. नाक आणि हनुवटीवरचा बेस पूर्ण काढून नवा लावायचा, बाकी चेहऱ्याला फक्त स्प्रे. त्यानंतर डोळे किंवा ओठ, यांपैकी एकालाच पुढे आणायचं. सोलापूरच्या रिसेप्शनमध्ये चमकीचे डोळे, खोट्या पापण्या, लालभडक ओठ आणि गालांवर चकाकी हे सगळं एकाच चेहऱ्यावर येतं, आणि त्यात मुलगी हरवते. इरकलचा लाल पदर खांद्यावर असेल तर त्याच जातीचा लाल रंग ओठांवर ठेवून डोळ्यांना नुसतं काजळ आणि तपकिरी सावली द्यावी. व्हिडिओच्या प्रखर दिव्यांतही असा चेहरा ओळखू येतो.

रोजच्या मेकअपबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. सकाळी आंघोळ झाली की चेहऱ्यावर पावडर, डोळ्यांत काजळ, कपाळावर टिकली, जमल्यास गजरा, एवढं करून त्या तंबाखूचं सूप पुढे ओढतात. शहरातला सगळ्यात जास्त केला जाणारा मेकअप हाच, आणि तो नीट करायची जुजबी माहितीही त्यांच्यापर्यंत कुणी नेत नाही. पावडर ओल्या गळ्यावर थापली की घामाबरोबर तिचे पांढरे ओहोळ होतात. अंग कोरडं झाल्यावर चिमूटभरच, तीही नाक-कपाळावर पुरे. काजळ उन्हात मऊ होऊन डोळ्यांखाली उतरतं; त्याच्यावर कोरड्या काळ्या-तपकिरी आयशॅडोची बारीक रेघ दाबली तर ते जागचं हलत नाही. बँकेत, शाळेत, दवाखान्यात जाणाऱ्या मुलींनाही फाउंडेशनची गरज क्वचितच असते. सनस्क्रीन, डागांपुरता कन्सीलर, विटकरी किंवा जांभळट लिपस्टिक आणि तिचाच एक ठिपका गालांवर चोळलेला, एवढ्यात चेहरा दिवसभर टवटवीत राहतो.

कलेच्या चर्चेत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोरं करण्याच्या नावाखाली लेबल नसलेल्या डब्यांतून जे क्रीम विकलं जातं, त्यात पारा असू शकतो, आणि पारा मूत्रपिंड निकामी करतो. अकोल्यात एकाच घरातल्या मायलेकींना असा त्रास झाल्याच्या बातम्या २०२३ च्या सुरुवातीला आल्या होत्या. औषधाच्या दुकानातली स्टेरॉइडची मलमं गोरेपणासाठी चोळली तर काही आठवडे चेहरा खरंच तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ उठतं आणि मलम सोडलं की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती हातोहात जातात. जी पार्लरवाली हे गिऱ्हाइकाला सांगते आणि डबा परत पाठवते, तिची कला तिथूनच सुरू होते. नवरीचा आणि करवलीचा स्पंज एकच, लिपस्टिक थेट कांडीने सगळ्यांच्या ओठांवर, हे प्रकारही घाईच्या दिवसांत सर्रास होतात. नखाएवढ्या स्पॅच्युलाने लिपस्टिकचा प्रश्न सुटतो.

रंगमंचावर याच कामाला रंगभूषा म्हणतात आणि तिला मान आहे. ‘बालगंधर्व’ चित्रपटासाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी माणसाला अभिमान वाटला. पार्लरमध्ये तीच करामत करणाऱ्या बाईच्या वाट्याला ‘नट्टापट्टा’ हा शब्द येतो. शब्द बदलला तर अपेक्षाही बदलतील. रंगभूषाकार पात्राचा चेहरा वाचून रंग निवडतो. नवरीच्या बाबतीत ते वाचनच वगळलं जातं.

सोलापूर जिल्ह्याने याचं एक उत्तर पडद्यावर दाखवलेलं आहे. करमाळ्याच्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’मधली, अकलूजच्या रिंकू राजगुरूने साकारलेली आर्ची आठवावी. बुलेटवर, विहिरीपाशी, उसाच्या फडात तिच्या चेहऱ्यावर ऊन आहे, तिचा रंग तिचाच आहे, आणि महाराष्ट्र तिच्यावरून नजर काढू शकला नाही. चित्रपट गाजत असताना जिल्ह्यातल्या पोरी तिच्यासारखे कपडे घालू लागल्या. त्याच पोरी स्वतःच्या लग्नात मात्र दोन शेड फिकट होऊन बसल्या, याची खंत वाटते.

मोबाइलवरच्या रील्सने शिकणं सोपं केलं. आज शहराच्या जुळे सोलापूर भागातली मुलगी कुठल्याही नामवंत कलाकाराचा हात जवळून पाहू शकते. पण ‘आधी’ची छबी अंधाऱ्या खोलीत आणि ‘नंतर’ची रिंग लाइटपुढे काढली जाते. समोरून पडणारा तो गोल प्रकाश चेहऱ्यावरची सावली आणि ती रेघ, दोन्ही खाऊन टाकतो. कार्यालयाच्या दारात, दुपारच्या उन्हात, तो दिवा नसतो.

म्हणून काहीजणी आता ट्रायल खिडकीपाशी घेऊ लागल्या आहेत. मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, गालाच्या कडेपासून गळ्यापर्यंत तीन शेड्सचे बोटभर पट्टे ओढायचे आणि मध्ये चहा घ्यायचा. चहा संपेपर्यंत रंग बसतो. दोन पट्टे लांबूनही दिसतात, एक शोधावा लागतो. मुलीची आई मागून म्हणते, “ताई, अजून जरा उजळ करा की ओ.” ताई हातआरसा उचलते, खिडकीकडे वळवते आणि थोडा खाली धरते, “काकू, आधी तिचा गळा बघा.”