लांडग्याने नदी वळवली का?

‘हाऊ वुल्व्ज चेंज रिव्हर्स’ ही जेमतेम साडेचार मिनिटांची फिल्म तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २०१४ साली आलेली, निवेदन जॉर्ज माँबियो यांचं. गोष्ट अशी : अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली लांडगे सोडले. त्यांच्या धाकाने एल्क हरणं नदीकाठावरून हटली, झाडं वाढली, बीव्हर परतले, काठ घट्ट झाले आणि नद्यांनी वळणं बदलली. पहिल्यांदा पाहताना मीही भारावून गेलो होतो. आज मात्र तिच्याविरुद्ध दोन तक्रारी मांडणार आहे.

पहिली तक्रार विज्ञानाची. एल्क कमी झाले ते एकट्या लांडग्यांमुळे नव्हे. अस्वलं, प्यूमा आणि उद्यानाबाहेरचे शिकारी, सगळ्यांचाच त्यात वाटा होता. शिवाय लांडगे नसताना बीव्हरही गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल कापले गेले, भूजल खाली उतरलं. वीस वर्षांहून जास्त चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली आले. जिथे पाणी खोल गेलं, तिथे लांडगे येऊनही विलोची झाडं फारशी सावरली नव्हती. अभ्यासकांमधला वाद अजून चालू आहे. फिल्ममध्ये त्याचा मागमूसही नाही.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. फिल्म म्हणते, लांडगे पुन्हा आणले गेले. कोणी आणले? कशाच्या आधारावर? ते १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या आधारावर, कॅनडातून पकडून आणले गेले. १९९५-९६मध्ये एकूण ३१. त्यासाठी तडजोड झाली : खासगी जमिनीवर जनावरावर हल्ला करताना दिसलेल्या लांडग्याला मारायची पशुपालकाला मुभा राहिली. मेलेल्या गुरांची भरपाई ‘डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ’ ही संस्था देत होती. म्हणजे बघा, या कथेत पशुपालक आहे, वकील आहे, सरकार आहे. फिल्ममध्ये यातलं कुणीच नाही.

यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. २०११ साली अमेरिकन काँग्रेसने अर्थसंकल्पाच्या विधेयकात एक कलम घुसवून माँटाना, आयडाहोतल्या लांडग्यांचं संरक्षण काढलं आणि त्याविरुद्ध कोर्टात जायची वाटही बंद केली. जानेवारी २०२१मध्ये बहुतेक राज्यांतलं केंद्रीय संरक्षण गेलं. पुढच्याच महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये शिकाऱ्यांना ११९ लांडग्यांची मर्यादा असताना तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये कोर्टाने बऱ्याच भागांत संरक्षण परत दिलं. या साऱ्या उलथापालथीत नदीच्या वळणाचा प्रश्न कुठेच निर्णायक नव्हता.

फिल्म लांडग्याला उपयोगी ठरवते आणि म्हणून तो हवा म्हणते. मग उद्या उपयोग सिद्ध झाला नाही तर? कायदा असं विचारत नाही. प्रजात धोक्यात आहे की नाही, एवढंच तो पुराव्यावर तपासतो. मला हा कोरडा कायदा त्या सुंदर फिल्मपेक्षा जास्त उदार वाटतो.

आपल्या माळरानावरचा लांडगाही याच जातीचा. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. तो धनगराची मेंढी नेतो. नदी वगैरे काही वळवत नाही. त्याला जगू द्यायचं तर मेंढीची भरपाई वेळेवर पोचली पाहिजे. अशा कामावर कुणी फिल्म काढत नाही, पण लांडगा टिकतो तो त्यावरच.