फास्टर फेणेचे वय : माध्यमांतर आणि वाचकांचा दावा

लोकप्रिय बालनायकावर अथवा चित्रकथेवर चित्रपट निघाला की, जुन्या वाचकांमधला पहिला वाद बहुधा कथानकाचा नसतो. तो वयाचा, चेहऱ्याचा आणि आवाजाचा असतो. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या 'फँटॅस्टिक फोर' या चौघा महानायकांच्या अमेरिकन चित्रकथेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिच्यावरचा १९९४ चा चित्रपट तयार होऊनही प्रदर्शित झाला नाही. २००५ व २००७ चे चित्रपट येऊन गेल्यावर २०१५ मध्ये हे चौघे वयाने लहान करण्यात आले आणि जॉनी स्टॉर्मची भूमिका मायकेल बी. जॉर्डन या कृष्णवर्णीय नटाकडे गेली, तेव्हा चाहत्यांत मोठे वादळ उठले. २०२५ च्या चित्रपटाने त्यांना पुन्हा साठच्या दशकाच्या वळणाच्या जगात नेऊन बसविले.

मराठीत याच्या उलट घडले. तेथे प्रौढांना तरुण केले गेले. येथे एका शाळकरी पोराला मोठे केले गेले. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' (२०१७) या चित्रपटात भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) बनेश फेणे अमेय वाघ यांच्या रूपाने, तिशीला टेकलेल्या नटाच्या देहात, अवतरला आणि 'हा आमचा फेणे नव्हे' अशी तक्रार सुरू झाली. प्रस्तुत लेखात या तक्रारीतील 'आमचा' या शब्दाचा विचार करावयाचा आहे.

तुलनेसाठी आणखी एक उदाहरण घेऊ. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून वृत्तपत्रातून रोज भेटत राहिला आणि वर्षामागून वर्षे गेली तरी मोठा झाला नाही. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये त्याला पडद्यावर आणले तेव्हा चिंटू, पप्पू, मिनी आणि त्यांची सगळी गँग मुलांनीच साकारली. त्यामुळे वयाचा प्रश्न उपस्थित झाला नाही. अडचण वेगळी होती. दोन-चार चौकटींत संपणाऱ्या विनोदाला संघर्ष लागत नाही, दोन तासांच्या चित्रपटाला लागतो. म्हणून मुलांच्या खेळाच्या मैदानावर मोठ्यांचे अतिक्रमण आले, खलनायक आला. चिंटूचे रूप शाबूत राहिले. पण काहीच न घडण्यातली त्याची गंमत मात्र पातळ झाली. रूप राखले म्हणजे मूळ संहिता राखली, असे म्हणता येत नाही.

फेणेचे रूपच बदलले, म्हणून तेथे उलट बाजूने विचारावे लागते : रूप गेले, तर मागे काय उरले? भागवतांचा फेणे महानायक नाही. फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनमध्ये शिकणारा, काडीसारखा किडकिडीत, सायकल भन्नाट हाणणारा आणि नवल वाटले की 'टॉक्' असा आवाज काढणारा हा मुलगा. त्याचे खरे सामर्थ्य वेगात नाही, असे माझे मत आहे. मोठी माणसे त्याला खिजगणतीत धरत नाहीत, हे त्याचे सामर्थ्य होय. गुन्हेगार त्याच्यासमोर बेसावध बोलतात, कारण तो पोर आहे. शहाणेसुरते त्याचे ऐकत नाहीत, कारण तो पोर आहे. प्रतापगड असो वा काश्मीर, या दुहेरी दुर्लक्षातूनच कथा पुढे सरकते. ऐंशीच्या दशकातील दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन यांचा फेणे शोभला, तो केवळ चपळाईमुळे नव्हे. पडद्यावरच्या मोठ्यांना तो उंचीनेच कमी पडत होता.

नायक मोठा केला की हे दुर्लक्ष नाहीसे होते. पटकथाकार क्षितिज पटवर्धन यांना याची जाणीव असावी. त्यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. परीक्षेला आलेल्या एका मुलाचा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जातो आणि ते न पटलेला फेणे प्रवेशाच्या काळ्या बाजारापर्यंत जाऊन पोहोचतो. लाखो परीक्षार्थींतील एक आसनक्रमांक, एवढीच येथे त्याची ओळख आहे. मुलाच्या लहानपणाला पटकथेने शोधलेला हा पर्याय मला अस्सल वाटतो. मात्र त्यावर तिचाच पुरता विश्वास नाही. म्हणून भुभू नावाचा एक चुणचुणीत पोरगा नायकाच्या जोडीला दिला आहे. काढून टाकलेले बालपण मागच्या दाराने आत घेतल्यासारखे ते वाटते. शिवाय दिलीप प्रभावळकर स्वतः भा. रा. भागवत होऊन येतात, जणू बदलांवर मूळ लेखकाची सही घेतली आहे. (प्रभावळकर हे 'बोक्या सातबंडे'चे जनक. एका बालनायकाच्या लेखकाने दुसऱ्याच्या लेखकाची भूमिका करावी, ही गंमत चित्रपटापेक्षाही अधिक भागवती आहे.)

येथवर मी तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूचा होतो. २०२४ च्या पावसाळ्यात हा चित्रपट द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गात माध्यमांतर शिकविताना दाखविला, आणि माझी बाजू डळमळली. आमच्याकडे श्रीगोंदा, पाथर्डी, अकोले अशा तालुक्यांतून आलेली मुले-मुली बसतात. चाळीसांपैकी फेणेचे पुस्तक वाचलेले दोघे निघाले. उरलेल्यांना 'हा आमचा फेणे नव्हे' हे वाक्यच कळेना. त्यांचा दुसरा फेणे नव्हताच. मात्र त्या वर्षी ५ मे रोजी झालेल्या 'नीट'ची पेपरफुटी सगळ्यांना तोंडपाठ होती. हजारीबाग व पाटणा येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि तरी फेरपरीक्षा नाकारली, यावर वर्ग दोन तट पडून भांडला. एका विद्यार्थिनीची थोरली बहीण पुण्यात क्लास लावून दोनदा परीक्षेस बसली होती. नगरहून पहाटेची एसटी धरून परीक्षा-केंद्र शोधत जाणारी ती बहीण म्हणजेच फेणे, असे तिचे म्हणणे. सायकल आणि 'टॉक्' यांच्याशी तिला काही देणेघेणे नव्हते.

तेव्हा 'आमचा' म्हणजे कोणाचा? ज्यांच्या घरी, शाळेत किंवा वाचनालयात ही पुस्तके पोहोचली, त्यांचा. ही वाटणी गुणवत्तेने झालेली नाही. ती ग्रंथपेटी कोणत्या गावापर्यंत गेली, यावर झाली. वाचकाची निष्ठा म्हणून आपण जी मिरवतो, तिच्यात पुस्तक हाताशी असण्याचे सुख मिसळलेले असते, याची नोंद माध्यमांतराच्या समीक्षेत क्वचितच होते. अर्थात त्या विद्यार्थिनीचे म्हणणे मान्य करूनही माझी एक हरकत कायम आहे. चित्रपटाने परीक्षार्थींना नायक दिला, तो दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून काढून घेऊन दिला. आणि त्या मुलांसाठी मराठी पडद्यावर आधीच फारसे काही नव्हते.

त्या तासानंतर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोध घेतला. भागवतांचे एकही पुस्तक नव्हते. बालसाहित्य पदवी अभ्यासक्रमाच्या कक्षेत बसत नाही, असे कळले. पुढच्या खरेदीत फेणेचे चार भाग मागविले. पहिला भाग त्याच विद्यार्थिनीने नेला. मुदत उलटून गेल्यावर विचारले, तेव्हा ती म्हणाली की तिला तो फेणे फारच लहान वाटला, पण पाचवीतला भाऊ पुस्तक परत देत नाही.