'स्मृतिचित्रे'तील नवा जन्म आणि प्रीतीची वाढ

योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेमाच्या भेटीत 'नव्या जन्मा'ची कल्पना येते. परंतु जन्मलेल्या अर्भकाने वाढावेही लागते, हे पौल करिंथच्या मंडळीला दुधाच्या दृष्टान्ताने बजावतो. त्या वाढीचे माप प्रीती हेच, असे त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात सुचवितो. मराठी समीक्षेने धर्मांतराची चर्चा पुष्कळ केली, या वाढीची फारशी नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) गौरवही बहुधा प्रांजळपणा आणि विनोद या दोन शब्दांतच आटोपतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाकडून नवा करार मिळाला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या घटनेने पतीला नवा जन्म दिला तिनेच पत्नीचा संसार मोडला. शत्रूवरही प्रीती करावयास शिकविणारे प्रवचन आणि मागे राहिलेली पत्नी, हा विसंवाद लक्ष्मीबाई झाकीत नाहीत. त्यावर निवाडाही देत नाहीत.

त्यांचा स्वतःचा क्रम उलटा आहे. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या त्या सोवळे सांभाळूनच. पुढे विचारान्ती जातिभेद मनुष्यनिर्मित असल्याचे त्यांना पटले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे झाडाआधी फळ! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तेव्हा आपणांस धर्म लाभला, ख्रिस्त मात्र अनेक वर्षांनी, असे त्यांनीच पुढे नमूद केले. विधी आणि अंतःपरिवर्तन यांतील अंतर दोघींकडे आहे, केवळ दिशा वेगळी.

वरोऱ्याच्या वाचकाला येथे बाबा आमटे आठवतील. कुष्ठपीडित तुळशीरामाला पाहून आधी पळालेले आणि मग त्याच्याकडे परतलेले बाबा १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करते झाले. हे साम्य मोहक असले तरी ताणू नये. बाबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नव्हता, आणि त्यांची झुंज भयाशी होती. लक्ष्मीबाईंची झुंज वारशाने आलेल्या पावित्र्याशी, तीही रोजच्या ताटापाशी. त्यामुळे तिच्यात नाट्य कमी व चिकाटी अधिक. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचा विनोद ही केवळ शैली नव्हे. स्वतःच्या जुन्या सोवळ्याकडे कडवटपणाविना पाहता येणे हीच त्या वाढीची साक्ष होय.

टिळकांचीही वाढ १८९५ ला थांबली नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.