राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मराठी ग्रंथांची शोधसुलभता : एक चिकित्सा

भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हा केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाचा प्रकल्प असून त्याची उभारणी आयआयटी खरगपूर या संस्थेने केली आहे. १९ जून २०१८ रोजी तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. नोंदणी विनामूल्य आहे. शालेय विद्यार्थ्यापासून संशोधकापर्यंत कोणासही विषय, भाषा व शैक्षणिक स्तर यांनुसार शोध घेता येतो. या सुविधेचे महत्त्व निर्विवाद होय. तथापि, हे ग्रंथालय मुख्यतः नोंदींचे आहे. ग्रंथ बहुधा मूळ संस्थेच्या भांडारातच असतो आणि वाचकाला तेथे पोहोचवले जाते. साहजिकच मूळ नोंदीतील उणीव पुढे वाहत येण्याचा संभव राहतो.

मराठीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. पूर्वीच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात असंख्य मराठी ग्रंथांची शीर्षके रोमन लिपीत, दीर्घ स्वरांसाठी दुहेरी अक्षरे योजून नोंदवली गेली. देवनागरीत शोधणाऱ्या वाचकाला असा ग्रंथ असूनही नसल्यासारखाच.

देवनागरी नोंद केली तरी प्रश्न संपत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ‘नाहीं’, ‘पुस्तकें’, ‘घरांत’ अशी सानुस्वार रूपे रूढ होती. ह. ना. आपटे यांच्या प्रसिद्ध कादंबरीच्या शीर्षकातील एकच शब्द ‘लक्ष्यांत’, ‘लक्षांत’ आणि ‘लक्षात’ असा छापलेला आढळतो. अक्षरे तंतोतंत जुळवणाऱ्या शोधयंत्राच्या लेखी ते तीन निराळे शब्द ठरतात. लेखकाचे नावही कोठे हरि, कोठे हरी, तर कोठे केवळ आद्याक्षरांनी येते. आपटे यांचे निधन १९१९ साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकणाऱ्या स्वामित्वहक्काची अडचण येथे कधीच सरली आहे. अडचण उरते ती निव्वळ नोंदीची. वाचकाचा वेळ वाचवावा, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले होते, याचे येथे स्मरण होते.

जुन्या ग्रंथांची पाने अनेकदा केवळ छायाचित्ररूपात असतात. त्यांतील मजकूर यंत्राला वाचता येत नाही, तोवर शब्दशोध अशक्य. दृष्टिहीन वाचकासाठी तर ते पान कोरेच.

महाविद्यालयांतून या ग्रंथालयाचे क्लब स्थापन झाले आहेत. त्यांचे उपक्रम प्रश्नमंजूषा, व्याख्याने व प्रमाणपत्रे यांपुरतेच राहिले, तर हाताशी असलेले मनुष्यबळ वाया जाईल. प्रमाणपत्रांची संख्या वार्षिक अहवालात सहज मावते, नोंदींच्या दुरुस्तीला मात्र तेथे रकाना नसतो! वास्तविक पाहता मुखपृष्ठापेक्षा आतील शीर्षकपृष्ठ प्रमाण मानणे, मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून प्रचलित रूप पर्यायी शीर्षक म्हणून जोडणे आणि लेखकनामाचे सर्व पर्याय एका प्रमाणित नोंदीखाली आणणे, हे काम मराठी विभाग व ग्रंथपाल यांना संयुक्तपणे करता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एखादा प्रकल्प १९६२ पूर्वीच्या शंभर ग्रंथांपासूनही सुरू करता येईल.