क्रेनचा दर्या

अमेरिकन कवी हार्ट क्रेन याची ‘व्हॉयेजेस’ ही सहा कवितांची मालिका ‘व्हाइट बिल्डिंग्ज’ (१९२६) या संग्रहात आहे. एमिल ओप्फर या खलाशावरील प्रेमातून ती फुलली. पहिल्या कवितेत कवी किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांना बजावतो, एका रेषेपलीकडे जाऊ नका, समुद्राचा तळ निर्दय आहे. पुढच्याच कवितेत तो स्वतः ती रेषा ओलांडतो.

पुरुषाचे पुरुषावरील प्रेम त्या काळी उघड सांगणे कठीण होते, म्हणून समुद्राचा पडदा घेतला, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते अपुरे वाटते. ज्याचा सखा दर्यावर नोकरी करतो, त्याला भेट आणि ताटातूट दोन्ही समुद्रच देतो. प्रतीक येथे जगण्यातूनच आले आहे.

उर्दू गझलेतला पुल्लिंगी माशूक आपल्या परिचयाचा आहे. अडचण वाटली की आपण त्याला इश्क-ए-हकीकीकडे वळवतो. क्रेन ही पळवाट ठेवत नाही. त्याच्याकडे देहाचे प्रेमच अखेर शब्दाच्या साक्षात्कारापर्यंत पोहोचते.

१९३२ मध्ये क्रेनने जहाजावरून समुद्रात उडी घेऊन जीवन संपवले. सहा वर्षे आधी छापलेल्या या कवितेत त्या मृत्यूचे भाकीत शोधणे अन्यायाचे होईल. ही प्रेमाची कविता आहे. आपण ती तशीच वाचावी.